एका चिठ्ठीवर दोन नावं

आमच्या चर्चच्या मंडळीत 'साक्ष देणं' म्हणजे रविवारी उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. शेवट ठरलेला असतो. दुखणं बरं झालं, नोकरी लागली, पोरीचं लग्न जमलं. ज्याचं काहीच जमलं नाही त्याला कोणी साक्षीला उभं करत नाही. इतकी वर्षं हे मला कधी खटकलं नव्हतं, तेही कबूल करते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला. त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यालाही. ही मैत्रीण म्हणजे चर्चमध्ये वीस वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्याच गायनपुस्तकात पाहून गाणारी. तिचा नवरा नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात होता. दोघंही अमरावतीत एकाच दवाखान्यात, एकाच वॉर्डात, मधे फक्त एक खाट. दोघांच्याही प्लेटलेट रोज उतरायच्या. आम्ही दोघी एकाच डब्यातलं जेवायचो. प्रार्थनेच्या विनंतीची चिठ्ठी मी लिहिली, दोन्ही नावं एकाच कागदावर. पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रींनी, तो कागद हातात धरून दोघांसाठी एकच प्रार्थना केली आणि मंडळी एकदाच 'आमेन' म्हणाली. आठव्या दिवशी माझा नवरा घरी आला. तिचा त्याच्या आदल्या दिवशी गेला.

मग लोकांची तोंडं सुटली. बोलणाऱ्याचं काय जातं! एकजण म्हणाले, देवाची योजना असते. एका काकूंचं म्हणणं, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. म्हणजे माझा नवरा काय टाकाऊ म्हणून परत पाठवला? आणि एकानं तर हळूच मला सांगितलं की त्यांचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. दवाखान्यात ती गुडघे टेकून प्रार्थना करत होती, आणि मी जिन्यात बसून देवाशी भांडत होते. विश्वासाला मार्क असते तर निकाल उलटा लागायला हवा होता.

माझे वडील अकोल्याला चर्चमध्ये मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायचे. देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा तीनही कसा, असं आम्ही विचारलं की ते म्हणत, "मलेबी नाई समजत. गूढ हाय ते. चला, सतरंजी गुंडाळा." तेव्हा वाटायचं, यांना उत्तर येत नाही म्हणून टाळतात. आता वाटतं, निदान खोटं तरी सांगितलं नाही त्यांनी. पण गूढ म्हटलं म्हणून राग जातो, असं काही नाही. माझा तर गेला नाही.

अशात मंडळीतले एक ज्येष्ठ भाऊ घरी आले. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवारी मी साक्ष द्यावी म्हणाले. मी तडक मैत्रिणीकडे गेले. ती तूरडाळ निवडत बसली होती. मी कशाला आले ते सांगितलं तरी तिची मान वर झाली नाही.

"दे की साक्ष. मी काई तुले अडवून नाई राहिली," ती म्हणाली. "पण 'देवानं ऐकलं' म्हनू नको. तू तसं म्हनली का माह्यं नाई ऐकलं, असं होते. मंग मी त्या चर्चात पाय नाई ठेवनार."

मी भाऊंना फोन करून सांगितलं की ते एक वाक्य मी म्हणणार नाही. ते म्हणाले, ताई, मग साक्ष राहिलीच कुठे? मी फोन ठेवला.

रविवारी उभी राहिले. ती मागच्या बाकावर, दाराजवळ बसली होती. नवरा बरा झाला, मला आनंद आहे, एवढं नीट बोलले. मग शाळेतली भाषा सुटून घरची आली.

"एकाच चिठ्ठीवर दोन नावं होते. हा काहून वाचला आन् तो काहून गेला, मले नाई समजत. कोनाले समजलं असन तं तिच्या घरी सांगाले जाऊ नका. मी देवाले सोडलं नाई. पण माहा त्याच्यावर राग हाय."

आमेन कोणीच म्हणालं नाही. भाऊ खाकरले आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

खरं सांगते, मला वाटलं होतं की मी फार मोठं काम केलं. बाहेर ती गळ्यात पडेल, रडेल. ती आली, माझा हात धरला.

"बरं बोलली तू," ती म्हणाली. "पण बाई, 'नाई समजत' म्हननं तुले परवडते. तू आता घरी जाऊन दोन ताटं वाढशीन."

नवरा स्कूटर काढून माझी वाट पाहत होता. त्याला पुढे जायला सांगितलं आणि तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत चालत गेले. दाराशी ती म्हणाली, आज आत येऊ नको. कुलूप काढलं, मग वळली.

"पुढच्या रविवारी मले उशीर होईन. जागा धरून ठेव."

मी हो म्हणाले. घरी आले, दोन ताटं वाढली. नवरा जेवला. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.