पाळण्यातली चक्कर

आज जुनी गादी उसवली आणि कापसाचा वास आला. थेट अकोल्याच्या जत्रेत जाऊन पोचले.

‘लग्नाचा वाढदिवस’ हा शब्द थोरलीनं शाळेतून आणला होता. तिच्याच हट्टानं आम्ही चौघं जत्रेला गेलो. हे जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, रात्रपाळी करून तसेच आलेले, केसांत कापूस अडकलेला. आकाशपाळण्यात मुली समोर बसल्या, आम्ही दोघं शेजारी. चारचौघांत असं कधी बसलो नव्हतो.

पाळणा वर जाऊन थांबला. यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. आज भलतेच लाडात आलेत, असं वाटून मी लाजले. मग घोरणं ऐकू आलं.

“आई, बाबाले उठव ना,” धाकटी म्हणाली.

“राहू दे. झोपून राहिले ते.”

खाली आल्यावर डोळे चोळत हे पाळणेवाल्याला म्हणाले, “अजून एक चक्कर होऊ दे, भाऊ. लय बरं वाटलं.”

बाबांना पाळण्याची भारी हौस होती, असं मुली अजून सांगतात. खरी हौस झोपेची होती. मीही पहाटेपासून उभीच होते, पण दोघांपैकी एकानं जागं राहायला हवं होतं.