नेपल्सच्या बंदरातला मुऱ्हाळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या माहेरी, सावद्याला, आमच्या मळ्याच्या वाटेवर एक चिंच आहे, तिच्याखालून दिवेलागणीनंतर कुणी जात नसे. मी जायची, आणि वर चिंचाही पाडून आणायची. या सदरात लोक लिहितात ते वाचून मी पुष्कळदा हसलेय. तेव्हा आता माझी पाळी आली आहे तर तुम्हीही खुशाल हसा... मला राग नाही. मलाही हे आठवलं की हसूच येतं.

गोष्ट चारेक वर्षांपूर्वीची, पंचावन्न सालची. हे धुळ्याच्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात आहेत. इटलीतून नवे माग यायचे होते, ते शिकून घ्यायला गिरणीने यांना तिकडे धाडायचं ठरवलं. मुंबईच्या तिकीट एजंटाने सांगितलं, ‘‘चैत्रातच निघा. युरोपातली माणसं उन्हाळ्यात फिरतात, मग बोटीवर पाय ठेवायला जागा नसते. आत्ता भाडं निम्म्यावर आहे, आणि वाटेत बंदरंही निवांत बघता येतील.’’ आमच्याकडे चैत्रात डोक्यावर ओला पंचा ठेवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि तिकडे म्हणे उन्हाळा अजून लागायचाय! भाडं निम्मं म्हटल्यावर यांनी माझंही तिकीट काढलं. सासूबाई धुळ्याच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, ‘‘समुद्रमा काय देखानं शे वं? बठ्ठं पानीच ते शे.’’ पण ‘सगळं पाणीच’ म्हणता म्हणता डबा भरून बिबडे, आमचे ज्वारीचे पापड, आणि लोणचं त्यांनीच बांधून दिलं.

मला एकच गोष्ट टोचत होती. आखाजी चुकणार होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळी नसली तरी चालेल, पण आखाजीला माहेर पाहिजे. झोके, गाणी, आमरस, पुरणपोळी, आणि कुणी कामाला हाक मारायची नाही. त्यासाठी माहेरचा माणूस न्यायला येतो, तो मुऱ्हाळी. माझा मुऱ्हाळी म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्न झाल्यापासून एकही आखाजी त्याने चुकवली नव्हती. दारात यायचा, पाणी प्यायचा, माझी पिशवी उचलायचा आणि चालू लागायचा. मी मागे मागे. बोलणं फार नाही.

निघण्याआधी सावद्याला भेटायला गेले तेव्हा मी त्याला चिडवलं, ‘‘यंदा कोण येणार न्यायला?’’

तो केळीचे घड गाडीत रचत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘मी येईन ना. मुऱ्हाळी काय पान्याले भेतो?’’

झालं. हा विषय तिथेच संपला असं मला वाटलं होतं.

बोटीबद्दल लिहायला बसले तर संपादक कात्री लावतील. थोडक्यात सांगते – मी इतकी सुखी कधीच नव्हते. एडनपर्यंत पोटाने दगा दिला, पण सुएझचा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरलो आणि सगळं निवळलं. पाणी असं निळं की धुण्याची नीळ कुणी सांडून ठेवलीय. बोट अर्धी रिकामी. डेकवरच्या आरामखुर्च्या ओळीने मोकळ्या, मी रोज वेगळ्या खुर्चीवर बसायची. गार वारा, कोवळं ऊन, आणि हे दिवसभर माझ्याशी बोलताहेत! धुळ्याच्या घरात चार माणसांत आम्हाला दोन वाक्यं सलग बोलता येत नसत. जेवणात शेवया मीठ घालून देत, वर टोमॅटोचं काहीतरी लाल. मी त्यात लोणच्याचा खार कालवायची. वाढणारा इटालियन पोऱ्या ते पाहून कपाळाला हात लावायचा, मग एके दिवशी त्यानेच लोणच्यासाठी हळूच बशी पुढे केली.

नेपल्सला बोट पोचली तो दिवस नेमका आखाजीचा. पंचांग माझ्या ट्रंकेत होतं, त्यामुळे मला ठाऊक होतं. बोट दुपारी सुटणार होती, तोवर गाव पाहून यायची मुभा. यांनी माझा पडलेला चेहरा बघितला आणि म्हणाले, ‘‘चल, तुझी आखाजी इथेच करू.’’ मी हिरवं नऊवारी लुगडं नेसले, अंबाडा घातला. चढावाचं गाव. गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्याच, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि टोपल्यांत नारळाएवढी लिंबं. बायका माझं लुगडं बोटांनी चाचपून बघत होत्या, मी त्यांचे झगे.

आणि मग एका चौकात मिरवणूक आली. निळा शेला पांघरलेली कुठलीतरी देवी, खांद्यांवर घेतलेली, पुढे वाजंत्री, मागे मेणबत्त्या धरलेल्या बायका. हे रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते. मी अलीकडे. आता कोणीही शहाणी बाई पळत पलीकडे गेली असती. पण आमच्याकडे कानबाईची मिरवणूक निघाली की ती आडवी ओलांडायची नाही, सगळी पुढे जाईपर्यंत हात जोडून उभं राहायचं. देवी इटालियन असली म्हणून काय झालं? मी डोकं झाकलं, हात जोडले, उभी राहिले. मिरवणूक संपता संपेना. संपली तेव्हा पलीकडे हे नव्हते.

मागाहून कळलं, मी पुढे निघून गेले असं समजून हे मला शोधत भलतीकडे धावले होते. त्यावेळी मला एवढंच कळत होतं की पासपोर्ट यांच्या खिशात, पैसे यांच्या खिशात, मला भाषा येत नाही, आणि बोट थांबणार नाही. पायऱ्यांच्या सगळ्या गल्ल्या सारख्याच. मी हाका मारू लागले, ‘‘अहो... अहो, ऐकलं का?’’ त्या गर्दीत प्रत्येक पुरुष वळून बघे. कोण ऐकणार? नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी ते लग्नात उखाण्यात घेतलं, आणि त्यानंतर हळदीकुंकवाला. एरवी नाही. तेवढ्यात खालून कुठूनतरी बोटीचा भोंगा ऐकू आला. आमच्या गिरणीच्या भोंग्यासारखाच. मी खरोखर घाबरले. परक्या मुलखात एकटी राहणार, हे मला स्पष्ट दिसलं.

आणि मी ओरडले. ‘‘काशीनाथऽऽऽ!’’

एकदाच, पण पोटातून. सगळी गल्ली माझ्याकडे वळली. मी लाजेने तोंडाला पदर लावला. आणि तोच शेजारच्या बोळातून एक माणूस बाहेर आला. खांद्यावर केळीचा घड.

घडामुळे त्याचं डोकं दिसत नव्हतं. कपडे तिकडच्या हमालासारखेच, काळी विजार आणि मळका सदरा. पण घडाखाली खांद्यावर गोणपाटाची घडी, चीक लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात तशी. घडाला वाळलेला पाला गुंडाळलेला, तोही आमच्याच पद्धतीने. डावा खांदा किंचित खाली टाकून तो चालला होता. ती चाल मी लगेच ओळखली... कारण लहानपणी विहिरीच्या काठावरून पडल्यापासून माझा भाऊ अस्साच चालतो.

मी केळीच्या घरातली. घड निघाला की तो गाडीत चढायलाच निघतो, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. सावद्याला केळी स्टेशनकडे जातात. इथली बंदराकडे जात असतील – असा माझा सरळ हिशेब. घड चालला आहे म्हणजे खाली बंदर आहे. मी मागे निघाले. आणि घडाच्या पलीकडून आवाज आला, अगदी घरच्यासारखा, किंचित वैतागलेला –

‘‘चाल वं इंदे. गाडी सुटीन.’’

माझंच नाव, तरी मी थबकले नाही. मला भीतीही वाटली नाही, हेच आजही नवल वाटतं. उलट इतकं हलकं वाटलं की मी चपला हातात घेतल्या, ओचा खोचला आणि पायऱ्या उतरत पळत सुटले. तो चालत होता, मी पळत होते, तरी अंतर तेवढंच राहत होतं. बोळ, पायऱ्या, कमान, पुन्हा बोळ, आणि एकदम समोर समुद्र, आमची पांढरी बोट, आणि शिडीपाशी हे. खलाशी यांना वर चढा म्हणत होता आणि हे शिडीचा दोर धरून मान हलवत होते. मला पाहिलं आणि चारचौघात माझा हात धरला. मी मागे वळून पाहिलं. धक्क्यावर ना घड होता, ना माणूस.

बोटीवर यांना सगळं सांगितलं. फक्त नाव घेऊन ओरडले ते सांगितलं नाही. लाज वाटली. हे गिरणीतले, प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारे. म्हणाले, ‘‘हमाल असेल. इटलीत आफ्रिकेतून केळी येतात. आवाजाचं म्हणशील तर तू घाबरली होतीस.’’ मीही मान डोलावली. मग हेच म्हणाले, ‘‘पण केळी तर इथे बोटीतून उतरतात. बंदरातून गावात जायला हवीत. गावातून बंदराकडे कशाला येतील?’’

म्हणजे त्या घडाच्या मागे जाऊन मी गावाच्या आणखी आत पोचायला हवं होतं. माझा सगळा हिशेब उलटा होता, आणि तरी मी बोटीपाशी पोचले होते.

दिवाळीच्या आधी आम्ही परत आलो. दोघं सावद्याला गेलो. ओट्यावर सगळे बसलो होतो, मी अजून नेपल्सचं नावही काढलं नव्हतं, आणि वहिनी हसत म्हणाली, ‘‘यंदा आखाजीले तुमची लई आठवण आली बरं. तुमचे भाऊ पुरनपोळी खाऊन दुपारचे निंबाखाली झोपले व्हते. झोपीतच वरडले, ‘चाल वं इंदे, गाडी सुटीन.’ झोक्यावरच्या पोरी हसू हसू बेजार.’’

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भावाकडे. तो सुपारी कातरत होता.

‘‘भाऊ, काय स्वप्न पडलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘मले काय आठवते आता,’’ तो म्हणाला. ‘‘पायऱ्याच पायऱ्या व्हत्या. तू चपला हातात घेऊन पळत व्हती.’’ मग यांच्याकडे तिरकं बघत, गालात हसत, ‘‘अन् तू पाव्हण्यायचं नाव घेऊन बोंबलली, ते बी उखाणा न घेता. मग मी झोपून राहू का?’’

हे चकित होऊन म्हणाले, ‘‘तू माझं नाव घेतलंस?’’ आणि इतके खूश झाले की त्यांना बाकीच्या गोष्टीचं नवल वाटायचं राहूनच गेलं. वहिनीने मात्र सुपारीची बशी बाजूला ठेवली आणि देवापुढे दिवा लावला.

मी यावर खूप विचार केला आहे. सावद्यात झोपलेला माणूस नेपल्सच्या गल्लीत कसा दिसतो, ते मला सांगता येत नाही. यांनाही येत नाही, आणि त्यांना मागाचा प्रत्येक धागा कुठून कुठे जातो ते सांगता येतं. भावाला विचारलं तर तो विषयच बदलतो. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, मात्र ते आनंदाचं असावं. कारण मला तो अनुभव भीतीचा वाटतच नाही.

पुढच्या आखाजीला भाऊ नेहमीसारखा धुळ्याला आला. पाणी प्यायला, पिशवी उचलली आणि निघाला. चाळीसगावला गाडी बदलायची असते. फलाटावर ही गर्दी, आणि हा डावा खांदा टाकून पुढे चाललेला, एकदाही मागे न बघता. मला राहवलं नाही. मी हाक मारली, ‘‘भाऊ, मागे वळून तरी बघ ना, मी येतेय की नाही ते.’’

तो तसाच चालत राहिला.

‘‘कायले?’’ तो म्हणाला. ‘‘येतेच ना तू मांगे.’’