रोबोच्या डोळ्यावरचं कुंकू

"याला मार्क किती?" हा प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला तर मी काय करेन सांगता येत नाही. मी मुळातच तापट. वर्गातली पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

कोपरीतल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेची बाकं भिंतीला लावते आणि पोरांची रोबोटिक्सची टीम घेते. टीम म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. पाच-सहा मुलं, जमिनीवर पसरलेला एक छापील नकाशा, आणि त्यावर काळ्या रेषेवरून चालणारी, ठोकळे उचलून जागेवर ठेवणारी एक छोटी गाडी. गाडी मुलांनीच जोडायची, तिचा प्रोग्रॅम मुलांनीच लिहायचा, आणि वर्षातून एकदा स्पर्धेत दुसऱ्या शाळांसमोर चालवून दाखवायची. दर जूनमध्ये मी वर्गावर्गात जाऊन विचारते, कोण येणार? सगळा वर्ग हात वर करतो. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे हात खाली आलेले असतात, कारण मधल्या वेळात पोरं घरी जाऊन आलेली असतात.

जिची ही गोष्ट, ती सातवीत असताना आली. दारात उभी राहून बघत होती. गाडी सरळ न जाता सारखी डावीकडे ओढत होती आणि मोठी मुलं प्रोग्रॅममध्ये चुका शोधत बसलेली. ही म्हणाली, "बाई, याचं एक चाक हळू फिरतंय." बघितलं तर चाकाच्या दांड्यात केस गुंडाळलेला. नववीत येईपर्यंत टीमचा सगळा प्रोग्रॅम तिच्या हातात होता. बोलायची कमी. लहान पोरांची गाडी भरकटली की ओरडायची नाही, त्यांच्या हातातून काढून घ्यायची नाही. एवढंच म्हणायची, "रोबो काय बघतोय, ते आधी बघ."

आता आमच्या ठाण्यात काय होतं, तर नववी संपायच्या आतच क्लासमध्ये दहावी सुरू होते. त्याला व्हेकेशन बॅच म्हणतात. मुलाची कबड्डी बंद, मुलीचा नाच बंद, पेटी कपाटावर, सायकल जिन्याखाली. पाहुण्यांनी यायचं नाही, मामाकडे जायचं नाही. घरात कुणी आजारी असावं तसं सगळे हळू बोलतात. आणि हे सगळं पोराच्या भल्यासाठी, म्हणजे त्यावर ब्र काढायची सोय नाही. मला याची चीड येते. दहावी मीही शिकवते, मला कुणी दहावीचं महत्त्व सांगू नये.

जानेवारीत तिचे वडील प्रयोगशाळेत आले. नौपाड्यातल्या स्कूटरच्या एका शोरूममध्ये ते गाड्यांची डिलिव्हरी बघतात. माणूस सालस, कपडे इस्त्रीचे, बोलणं मऊ. अशा माणसांशी भांडणं फार अवघड असतं.

"बाई, तिची पुढच्या वर्षी दहावी आहे."

"अहो, अजून नववी चालू आहे."

"म्हणूनच आधी आलो." ते तिच्याकडे न बघता बोलत होते आणि ती तिथेच, जमिनीवर, गाडी मांडीत घेऊन बसलेली. "कल्याणच्या स्पर्धेला जाऊ दे तिला. पुढच्या फेरीसाठी निवड झाली, तर दहावीतही शनिवारी पाठवतो. माझा शब्द. नाही झाली, तर एप्रिलपासून बॅच, आणि हे बंद."

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "चालेल, पप्पा."

त्या दिवसापासून तिने गाडीला विश्रांती दिली नाही. नकाशावर एक लाल पट्टी होती. तिथे पोचलं की थांबायचं, ठोकळा ठेवायचा आणि परत फिरायचं. गाडीच्या पोटाखाली रंग ओळखणारा सेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढा. लाल दिसलं की थांब, असं तिने त्याला शिकवलं. खिडकीतून ऊन येत असताना करून बघितलं, पंख्याच्या सावलीत करून बघितलं, लाइट घालवून करून बघितलं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी एकदाही चुकली नाही.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही शाळेच्या पटांगणात जमलो. मुख्याध्यापिकांना नारळ फोडतानाचा फोटो हवा होता, पालकांच्या ग्रुपवर टाकायला. तिचे वडील रजा टाकून आलेले. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, घरून पूजेचं ताट आणि झेंडूचा हार घेऊन. शोरूममधून नवी गाडी बाहेर पडते तेव्हा तिची पूजा तेच करतात. नारळ, हार, चाकाखाली लिंबू, हेडलाइटच्या वर कुंकवाचं बोट. गिऱ्हाईक हात जोडून उभं असतं. रोज करतात, सफाईने करतात, आणि मनापासून करतात.

"याचं कपाळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

पोरं हसली. ती पण हसली, फार खूश होती त्या दिवशी. म्हणाली, "कपाळ नाहीये पप्पा. डोळा आहे, खाली."

त्यांनी गाडी दोन्ही हातांनी उचलली, अलगद उलटी केली, आणि कुंकवात दोन थेंब पाणी कालवून डोळ्याच्या बरोबर वर बोट टेकवलं. अक्षता टाकल्या. सगळ्यांनी हात जोडले, मीसुद्धा. गाडी खोक्यात गेली आणि आम्ही व्हॅनमधून कल्याणला निघालो. उशीर झाला होता, खोकं पुन्हा कुणी उघडलं नाही.

कल्याणला एका मोठ्या शाळेच्या सभागृहात टेबलं मांडलेली. मुलांनी टेबलाशी, मोठ्यांनी दोरीच्या पलीकडे. दोन फेऱ्या, दोन्हींचे गुण एकत्र. आमच्या शेजारच्या टीमचे सर दोरीवर ओणवे होऊन इंग्रजीत हुकूम सोडत होते आणि त्यांची पोरं बिचारी मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत होती. मी आमच्यांना सांगितलं, माझ्याकडे बघायचं नाही.

आमचा पुकारा झाला. तिने गाडी रेषेवर ठेवली, बटण दाबलं. गाडी पीं करून वाजली आणि उभी राहिली. वरचा दिवा लाल. तिने बटण पुन्हा दाबलं. पुन्हा पीं, पुन्हा लाल. तिच्याबरोबरचा पोरगा रडवेला झाला. माझ्या बाजूला तिचे वडील, "अगं, नीट दाब ना. जोरात दाब." माझं डोकं तिथेच फिरलं, पण दोरी होती आणि मीच गप्प राहायचं ठरवलेलं. वेळ संपली. पहिली फेरी, शून्य.

आमच्या बाकापाशी येऊन तिने गाडी उलटी केली. कुंकू ओघळून सेन्सरच्या काचेवर पसरलं होतं आणि वाळून घट्ट बसलं होतं. तिने बघितलं, मी बघितलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती गेली. मी वळले, दोरीकडे निघाले.

तिने माझा पदर धरला. "बाई, पप्पांना सांगू नका."

"का नको?"

"ते रजा टाकून आलेत."

एवढंच म्हणाली. रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि काच पुसायला लागली, चष्म्याची काच पुसतात तशी, गोल गोल. सांगणार नाही, असं मला कबूल करायला लावलं. मी कबूल केलं, आणि त्या कबुलीचा राग पुढे कित्येक महिने गिळत राहिले.

दुसऱ्या फेरीत गाडी अशी चालली की पलीकडच्या टेबलावरची पोरं आपलं सोडून बघायला आली. एक ठोकळा पडला नाही, एक रेषा चुकली नाही. पण पहिल्या फेरीचं शून्य होतंच. पुढे गेलेल्या टीमची नावं वाचली, त्यात आम्ही नव्हतो.

परतताना व्हॅनमध्ये तिचे वडील तिची समजूत घालत होते. "यंत्राचं असंच असतं गं. ऐन वेळी दगा देतं. अभ्यास कधी दगा देत नाही." ती खिडकीतून बाहेर बघत, "हो पप्पा." मी पुढच्या सीटवर दात-ओठ खात बसलेले. त्या माणसाने स्वतःच्या बोटाने पोरीची वाट बंद केली होती आणि आता तोच तिला त्यातून धडा शिकवत होता. आणि तिला सगळं माहीत होतं.

एप्रिलमध्ये बॅच सुरू झाली. मी एकदा शोरूमवर जाऊन आले. म्हटलं, निवड झाली नाही हे मान्य, पण दुसरी फेरी तुम्ही बघितलीत ना? त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, शब्द म्हणजे शब्द. तीच म्हणाली होती, चालेल." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते ताट घेऊन उठले आणि एका नव्या कोऱ्या स्कूटरला कुंकू लावायला लागले. मी चहा तसाच ठेवून निघाले. थांबले असते तर माझा शब्द मोडला असता.

जूनमध्ये शाळेत पालकसभा. मुख्याध्यापिकांनी मला बजावलं, "टीमसाठी मुलं हवीत ना? मग आज गोड बोला." मी गोड बोलले. जमेल तितकं. गाडी चालवून दाखवायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून तिला एका दिवसापुरतं मागून घेतलं. व्यासपीठाखाली नकाशा पसरून ती पाचवीतल्या पोरांना घेऊन बसली होती. दहावीचे पालकही आलेले. तिचे वडील तिसऱ्या रांगेत.

माझं बोलून झालं आणि मागून एक आई म्हणाल्या, "याला मार्क किती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचे वडील उभे राहिले. माझ्या मदतीला, बरं का. "मी सांगतो. माझी मुलगी होती यात. चांगलं असतं, पाठवा. पाचवी ते आठवी जरूर पाठवा. नववीत मी तिला एक संधी दिली, यंत्र ऐन वेळी बंद पडलं, मग थांबवलं. वेळेवर थांबवलं की काही नुकसान नाही." सभागृहभर माना हलल्या. समंजस बाप म्हणून लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघायला लागले.

ती उठली. सभेच्या सुरुवातीला सरस्वतीची पूजा झालेली, ताट टेबलावरच होतं. तिने बोटावर कुंकू घेतलं, पाण्यात बुडवलं, खाली बसून गाडी उलटी केली आणि पाचवीतल्या पोरांना म्हणाली, "हा हिचा डोळा. आता बघा." बोट डोळ्यावर टेकवलं. गाडी रेषेवर ठेवून बटण दाबलं.

पीं. लाल दिवा. गाडी जागची हलली नाही.

"बंद पडली," एक पोरगं म्हणालं.

"बंद नाही पडली. तिला सगळीकडे लाल दिसतंय. लाल दिसलं की थांबायचं, हे मीच तिला शिकवलंय. ती माझं ऐकतेय." तिने रुमालाने काच पुसली, पुन्हा बटण दाबलं. गाडी निघाली, वळणं घेत लाल पट्टीपाशी थांबली, ठोकळा ठेवला आणि परत आली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिचे वडील अजून उभेच होते. मग रांगेतून वाट काढत नकाशापाशी आले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण मी जवळ होते.

"कल्याणला हेच झालेलं?"

"हो, पप्पा."

"मग तेव्हाच सांगायचंस ना मला."

तिने रुमालाची घडी घातली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि थांबवायला तुम्ही दुसरं काहीतरी कारण काढलं असतं."

रागाने नाही म्हणाली. चाक हळू फिरतंय हे ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात. इतके दिवस मनात घोकून ठेवलेली माझी सगळी वाक्यं तिथेच फुकट गेली.

त्या शनिवारी ते तिला स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी सोडून गेले. तेव्हापासून दर शनिवारी सोडतात. माझ्याशी त्यावर एक शब्द बोललेले नाहीत आणि मीही विचारलेलं नाही.

त्या सभेनंतर टीममध्ये खूप मुलं आली. पाचवीची, सहावीची. नववीतल्या तीन मुलींना मात्र घरून परवानगी नाही, त्या येताजाता दारातून आत बघतात. शिक्षकखोलीत सगळे मला म्हणतात, आता तरी शांत व्हा, शेवट गोड झाला ना. कसला गोड? एका पोरीला स्वतःच्या बापाची चूक भरसभेत मांडून दाखवावी लागली, तेव्हा कुठे तिला शनिवारची दुपार मिळाली. तिच्याकडे दाखवायला निदान कुंकू होतं. दारातल्या त्या तिघींनी काय दाखवायचं?