पंख्याजवळच्या भिंतीवरचं गाव

मे १९७३. शनिवार, संध्याकाळचे पाच. जागा : आमच्या शाळेचा हॉल, नगर.

हजर : मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब. उपाध्यक्ष शेठ, कापडबाजारात दुकान असलेले. प्राथमिक शाळेतले गुरुजी. मी, चिटणीस, याच शाळेत शिकवणारी. शिवाय इतर सभासद आणि त्यांच्या घरची नटूनथटून आलेली मंडळी. प्रमुख पाहुणे यायचे होते. ज्यांनी खरं तर सगळ्यांत आधी यायला हवं होतं ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं येणार होती.

हजेरी मांडायची सवय मला शाळेनं लावली. कुठली गोष्ट कुठं ठेवली, कोण काय करतो म्हणाला आणि केलं नाही, हे माझ्या लक्षात राहतं, म्हणून हौशी चित्रकारांच्या या मंडळानं मला चिटणीस केलं. चित्रं मीही काढत असे. वांगी, पितळी तांब्या, फार तर फुलदाणी.

दर रविवारी आम्ही हॉलमध्ये जमत असू. वकीलसाहेब सूर्यास्त काढत. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली पाणी. संध्याकाळी त्यांची कोर्टाची कागदपत्रं असत, त्यामुळं सूर्यास्त त्यांनी कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही. शेठ देव्या काढत आणि रंग ओला असतानाच दागिन्यांवर चमकी टाकत. ती चमकी पुढं आठवडाभर मुलींच्या वह्यांवर आणि माझ्या डब्यात सापडायची. कुणाच्या चित्राला नावं ठेवायची नाहीत हा मंडळाचा अलिखित नियम होता. त्यामुळं सगळे एकमेकांना "वा वा" करत आणि घरी जाताना जोडीजोडीनं निंदा करत.

वर्षाच्या प्रदर्शनाची एक पद्धत होती. उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांना एक चित्र भेट द्यायचं. सुरुवातीला एका पाहुण्यांना वकीलसाहेबांचा सूर्यास्त दिला होता, तो ते हॉलमधल्या खुर्चीवर विसरून गेले. घरी पोहोचवला, तर शिपायाबरोबर परत आला. तेव्हापासून असं ठरलं की पाहुणे ज्या चित्रासमोर सगळ्यांत जास्त थांबतील ते चित्र त्यांचं. विचारायचं नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही. शेठ त्यांच्या मागून चालणार आणि बघणार. मग पाहुणे आपल्या चित्रापाशी रेंगाळावेत म्हणून काय काय चाले! कुणी तिथंच हार घालायला थांबवे, कुणी बायकोला औक्षणाचं तबक घेऊन नेमकं तिथंच उभं करी.

त्या वर्षी गुरुजींनी एक चित्र आणलं. एरवी ते रविवारी कोपऱ्यात बसून काम करत आणि चहाचे कप विसळून जात. त्यांचं गाव धरणात गेलं होतं. माणसं राहुरीच्या रस्त्याला नव्या वसाहतीत आली होती, पत्र्याची घरं, सरळ रांगा. गुरुजींनी प्लायवुडची मोठी फळी घेतली आणि तिच्यावर सगळं गाव काढलं : नदी, घाटाच्या पायऱ्या, मारुती, पेठेची गल्ली, एकूण एक घर. दारं मात्र कोरी ठेवली. मग फळी वाकळीत गुंडाळून एस्टीच्या टपावर टाकायची, वसाहतीत न्यायची, आणि ज्याचं घर त्यानं आपलं दार आपल्या हातानं रंगवायचं.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. मारुतीच्या नव्या, अजून कळस न झालेल्या देवळात फळी टेकवून ठेवली होती आणि एक म्हातारबा ब्रश हातात धरून अडून बसले होते.

"गुर्जी, ह्यो रंग न्हाई. आमचं दार लई पोपटी हुतं."

"पोपटी कुठलं?" मागून त्यांची म्हातारी म्हणाली. "पार उडून पांढरंफटक झाल्तं."

"उडायच्या आदीचं सांगतोय मी."

"मग लगनाच्या आदीचं सांगताय म्हना. मी आले तवाच उडाल्यालं हुतं."

पिंजाऱ्याचं काम करणाऱ्या एका चाचांनी आपलं दार हिरवं केलं आणि शेजारच्याला बजावलं, "तुझं निळं माझ्या भिंतीवर आणू नको. तिथं पण तेच करायचास." एक आजी ब्रश घ्यायलाच तयार नव्हत्या. "दार त्येनी केल्तं, त्ये गेले. मी उंबरा रंगवते," म्हणाल्या आणि बोटानं पिवळी रेघ ओढली. सून म्हणाली, "आत्याबाई, रंगवा, पन परत त्येच्यावर बसू नका म्हंजी झालं. येजा कराया वाट ऱ्हात नव्हती." आजी त्या रेघेकडं बघून हसत राहिल्या.

ठरलं असं की शनिवारी उद्‌घाटन होईल, रविवारी वसाहतीतली माणसं येऊन चित्र बघतील आणि तिथूनच घेऊन जातील. ते नव्या मारुतीच्या देवळात लागणार होतं. देवळात खिळा ठोकून झालासुद्धा होता.

निवडीच्या सभेत वकीलसाहेब चित्राकडं बघून म्हणाले, "हे सामुदायिक काम झालं. कला ही एकट्याची असते."

शेठ म्हणाले, "आणि दारं बघा, एक सरळ नाही. लोक म्हणतील मंडळाला रेघ मारता येत नाही."

मी नियम वाचून दाखवला. सभासदानं दिलेलं चित्र, एवढंच त्यात होतं. तेव्हा नाइलाजानं घेतलं आणि सगळ्यांत शेवटच्या, स्वच्छतागृहाच्या दारालगतच्या भिंतीवर लावलं. ती भिंत कुणालाच नको होती.

उकाडा भयंकर होता. शेठनी दुकानातला उभा पंखा आणला. त्याची वायर आखूड, आणि हॉलमध्ये चालणारा प्लग एकच, तोही त्या शेवटच्या भिंतीला. म्हणून पंखा गुरुजींच्या चित्राशेजारी उभा राहिला. यात दुसरं काही कारण नव्हतं.

पाहुणे एका मोठ्या खात्याचे साहेब होते. सकाळपासून जामखेडकडची दुष्काळी कामं बघून परस्पर आलेले. भुवयांवर धूळ होती, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांना पाणी हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्या लोकांनी त्यांना आधी हार घातला, मग समई, मग वकीलसाहेबांचं भाषण. "बाहेर शिवारं करपत असताना आम्ही मात्र या हॉलमध्ये रंगांचा पाऊस पाडला," असं एक वाक्य त्यात होतं. टाळ्या पडल्या. माझ्या गल्लीत त्या दिवशी नळ आला नव्हता. इथं गुलाबी सरबताचे ग्लास अर्धे पिऊन खिडकीत ठेवलेले, माशा घोंगावत होत्या, आणि सभासदांच्या बायका रुमालानं ओठ टिपत "फार गोड झालंय हो" म्हणत होत्या. मला ते गोड, चिकट वासाचं सगळं वातावरण नकोसं झालं.

साहेब भिंतीभिंतीनं चालू लागले. भराभर. सूर्यास्तांना एक मान, देव्यांना एक नमस्कार. शेवटच्या भिंतीपाशी आले, पंख्याचा वारा लागला, आणि थांबले. गळ्याचं बटण काढलं. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे.

शेठनी लांबून वकीलसाहेबांना बोट वर करून खूण केली.

मी म्हटलं, "शेठ, ते पंख्यापाशी उभे आहेत."

"बाई, डोळे मिटून बघतो तो खरा रसिक. तुम्हांला नाही कळायचं."

"ते चित्र उद्या वसाहतीत जायचंय. गुरुजींना विचारा तरी."

"गुरुजींचं नशीब उघडलं! विचारायचं काय त्यात?" वकीलसाहेब जवळ येत म्हणाले आणि लगेच मोठ्या आवाजात जाहीर करून टाकलं. गुरुजी मागच्या मोरीत ग्लास धूत होते. पदाधिकारी ग्लास धूत नाहीत.

टाळ्यांनी साहेब दचकले. "अं? हो, हो. आभारी आहे." मी गर्दीतून पुढं होईपर्यंत ड्रायव्हर फळी उचलून जीपकडं निघालासुद्धा होता. मी बाहेर धावले. फळी मागच्या सीटवर आडवी, तिच्यावर कुणीतरी दिलेली कलिंगडं. "अहो, थांबा," म्हणाले तोवर वकीलसाहेब जीपच्या दारात वाकून दोन्ही हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या पाठीआड माझा आवाज राहिला. जीप गेली.

गुरुजी ओल्या हातानं बाहेर आले. रिकाम्या खिळ्याकडं बघून मला म्हणाले, "काढून ठेवलंत का, बाई? बरं केलंत. पंख्यानं धूळ बसत होती."

त्यांना मीच सांगितलं. वकीलसाहेबांनी त्यांची पाठ थोपटली, शेठनी पेढा तोंडाशी नेला. गुरुजींनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "उद्या मंडळी येणार आहेत," एवढंच म्हणाले.

"मग येऊ देत की," शेठ म्हणाले. "बाकीची चित्रं आहेतच."

रविवारी वसाहतीतली माणसं आली. धुतलेली धोतरं, टोप्या, बायकांची ठेवणीतली लुगडी. चित्र बांधून न्यायला दोरखंड आणि वाकळ बरोबर. पोपटी दाराचे म्हातारबा सगळ्यांच्या पुढं होते.

"बाई, आमचं गाव कुटं लावलंय?"

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. काय झालं, कुणी केलं, चित्र कुणाबरोबर गेलं.

"कुनी इचारलं न्हाई?"

"नाही."

म्हातारबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पयल्या बारीला निदान नोटीस तरी आल्ती," म्हणाले.

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. त्या वेळी वकीलसाहेब आले. आलेल्यांचं स्वागत म्हणून उरलेलं सरबत द्यायला सांगितलं आणि उंबरा रंगवणाऱ्या आजींना हाताला धरून आपल्या सूर्यास्तापाशी नेलं. आजींनी नीट निरखून बघितलं.

"ह्ये कुनाचं गाव?"

"गाव नाही, आजी, निसर्ग आहे हा."

"तरीच. एक बी मानूस न्हाई." आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं, एस्टी चुकंल."

वाकळ रिकामीच घडी घालून परत गेली.

पुढच्या सभेत मी चित्र परत मागण्याचं पत्र लिहून सहीसाठी ठेवलं. वकीलसाहेबांनी ते बोटानं दूर सारलं. "दिलेली भेट मागायची? मंडळाची अब्रू जाईल." शेठनी तोडगा काढला, "गुरुजी, पुन्हा काढा की. आता हात बसलाय तुमचा."

"माझा हात कुठं होता त्यात?" गुरुजी म्हणाले.

खरंच होतं. त्याच पावसाळ्यात आजी गेल्या. चाचांचं कुटुंब मालेगावला नातेवाइकांकडं गेलं. दारं रंगवणारे निम्मे हात राहिले नव्हते.

पण मला खरी किळस आली ती पुढच्या वर्षी. प्रदर्शनाच्या जागा ठरवायला सभा भरली, आणि जी भिंत कुणालाच नको होती तिच्यासाठी सभासद हमरीतुमरीवर आले. प्रत्येकाला पंख्याशेजारची जागा हवी. एकानं पंखा मधे ठेवावा अशी सूचना मांडली, म्हणजे दोन्ही बाजूंना न्याय मिळेल. म्हणजे साहेब कशासाठी थांबले होते हे यांना पहिल्यापासून कळत होतं! मी हजेरी मांडली, मिटिंगचा वृत्तांत शब्दशः लिहिला आणि वाचून दाखवला. कुणालाही लाज वाटली नाही. शेठनी फक्त "हमरीतुमरी" हा शब्द बदलून "विचारविनिमय" करायला सांगितलं. मी बदलला नाही.

त्या दिवशी मंडळ सोडणार होते. सोडलं नाही, कारण मंडळाचा शिक्का चिटणिसाकडं असतो आणि शिक्क्याशिवाय माझ्या पत्रांना कुणी उत्तर दिलं नसतं. चित्र मागण्याच्या पत्रावर सही मीच केली. साहेबांना कचेरीत जाऊन भेटले. माणूस वाईट नव्हता. "पंखा होता हो, बाई. दिवसभर उन्हात होतो," म्हणाले. चित्र घरी पोहोचलंच नव्हतं. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरनं त्या फिरतीत कुठल्या तरी विश्रामगृहात उतरवलं होतं. कुठल्या, ते साहेबांना आठवेना, आणि ड्रायव्हरची बदली झालेली.

मग मी वाटेवरच्या विश्रामगृहांना पत्रं धाडली. जवळच्यांना सुट्टीत जाऊन आले. एके ठिकाणी त्या मापाची फळी सापडली, ती बॅडमिंटनचा गुणफलक निघाली. दुसऱ्या ठिकाणी खानसामा म्हणाला, असलं काही इथं नाही, आणि तरी मला सगळ्या खोल्या उघडून दाखवल्या. जिथं नाही हे कळलं तिथलं नाव खोडत गेले. गुरुजी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात आणि चकल्या उतरवून ठेवताना विचारतात, "काही कळलं का?" वसाहतीतल्या देवळाला आता कळस झालाय. खिळा अजून तसाच आहे, त्याला सध्या घंटेची दोरी अडकवतात.

भंडारदऱ्याकडच्या एका विश्रामगृहातून मागच्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. तिथल्या रखवालदारानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. जेवणघराच्या मागच्या खोलीत गावाचं एक चित्र आहे, पुढं कपाट असल्यामुळं अर्धंच दिसतं, नदी दिसते, दारं रंगीत आहेत. कपाट हलवायला तिथल्या साहेबांची परवानगी लागेल, आणि आपलंच चित्र आहे असं सांगणारं कुणीतरी यायला पाहिजे.

खात्री झालेली नाही म्हणून गुरुजींना अजून कळवलेलं नाही. म्हातारबांना आता दिसत नाही, पण त्यांची म्हातारी येते म्हणाली आहे. परवानगीचा अर्ज गेला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्यापर्यंत एस्टी, पुढं दुसरी. कपाट हलवून ते उडालेलं पोपटी दार तिथं आहे का, हे बघून यायचं आहे. ते राहिलं आहे.