रूळ नसलेल्या फाटकावर

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचली जायची, कारण ती घरातच लिहिली जायची. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. ड्यूटीवरून आले की आंघोळ करायचे आणि युनियनच्या पत्रकाचा मजकूर लिहायला बसायचे. छापून आलेल्या गठ्ठ्यांना घड्या घालायचं काम माझं. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. 'हक्क' हा शब्द मला 'हरण'च्या आधी लिहिता आला.

म्हणून शिकागोपासून तासाभरावरच्या या गावात राहायला आले तेव्हा घरामागची सायकलवाट पाहून मला आधी रागच आला. पूर्वी इथून धान्याच्या गाड्या जायच्या. परवडत नाही म्हणून लाइन बंद केली, रूळ उपटले, भंगारात घातले आणि वर डांबर ओतलं. आता शनिवार-रविवारी हेल्मेट घातलेली माणसं इथून मजेत जातात. बाकांवर देणगीदारांची नावं आहेत. ज्यांनी खडी फोडली, रुळांखालचे स्लीपर खांद्यावरून वाहिले, त्यांचं नाव कुठेही नाही. हे मी ऑफिसात बोलून दाखवलं, तेव्हा नागपूरचा एक सहकारी म्हणाला, "यार, वीकेंडला तरी मोर्चा कॅन्सल कर."

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. मी त्यांच्यामागे एकच लकडा लावला होता: घर विका. खानदेशातल्या आमच्या रेल्वेच्या गावात, निवृत्तीनंतर बांधलेल्या दोन खोल्यांत, ते एकटे राहत. थंडीत एकदा मोरीत पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर होते. मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं, बाबांकडून नाही. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने पुण्याला भावाकडे, असं मी ठरवून टाकलं होतं. मुद्दा कसा मांडायचा हे त्यांनीच शिकवलेलं; मी एकेक मुद्दा त्यांच्यापुढे ठेवत होते. ते म्हणायचे, "बघू." साहेब लोकांच्या 'बघू'वर या माणसाने एकेकाळी अख्खं पत्रक लिहिलं होतं.

सायकलवाटेवर यायला ते तयार नव्हते. "रूळ उपटलेल्या जागी मौज करायला मी येणार नाही." मला हे उत्तर मनातून आवडलं होतं. पण घरात तरी किती बसणार? ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांनी स्वतःच गॅरेजमधली जुनी सायकल पुसून बाहेर काढली.

दोन्ही बाजूंना मका, मध्येच सोयाबीन, लांबवर धान्याची पांढरी कोठारं. बाबा ताठ बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "चढ आहे, पण पायाला कळत नाही बघ. इंजिनासाठी केलेली वाट आहे." वळण आलं की ते आधीच सांगायचे. आई गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तिचा विषयही त्यांनीच काढला.

"तुझी आई सगळ्यांना सांगायची, मी यांच्या गाडीची शिट्टी ओळखते. खोटं होतं ते."

"मग तुम्ही यायच्या वेळेला चहा कसा तयार असायचा?"

"प्रत्येक शिट्टीला आधण ठेवायची. एखादी तरी माझी निघणारच."

दोन ठिकाणी रस्ता आडवा गेला, तिथे मी पुढे होते. मी थांबले म्हणून तेही थांबले. मग त्यांना जोर आला आणि ते पुढे गेले.

गवतात काँक्रीटचा एक बुटका खांब उभा होता. त्यावर कोरलेलं इंग्रजी डब्ल्यू, व्हिसलचं. लाइन गेली, खांब उपटायचा राहिला. आपल्याकडे फाटकाच्या अलीकडे पिवळी पाटी असते, तिचाच हा भाऊबंद. ती दिसली की ड्रायव्हरने शिट्टी द्यायची ती फाटक ओलांडेपर्यंत. थांबायचं ते रस्त्याने. गाडी थांबत नाही. बाबांनी खांब पाहिला आणि सायकलची घंटी वाजवायला सुरुवात केली. मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा.

पुढे मोठा रस्ता होता. सायकलवाल्यांसाठी छोटी लाल पाटी होती, मोटारींसाठी काहीच नव्हतं. बाबा घंटी वाजवत, समोर बघत, सरळ रस्त्यात शिरले.

पिकअप ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर तिरका होऊन थांबला. जळलेल्या टायरचा वास आला. ट्रकमधून बाबांच्याच वयाचा एक शेतकरी उतरला. तो ओरडला नाही. म्हणाला, "सर, इथे तुम्ही थांबायचं असतं."

बाबा इंग्रजीत म्हणाले, "आय गेव्ह व्हिसल."

त्याला काही कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ही इज सॉरी. ही इज ओल्ड."

त्याने मान हलवली, बाबांच्या खांद्याला हात लावला आणि निघून गेला.

"मी सॉरी म्हणालो नव्हतो," बाबा म्हणाले.

"मग काय सांगायला हवं होतं? तुमच्या मागे अठ्ठावन्न डबे आहेत?" माझा आवाज चढला. "मेला असतात, बाबा. ना रूळ आहेत, ना गाडी आहे. सायकलवरचे एक म्हातारे आहात तुम्ही."

चेन उतरली होती, ती त्यांनी बसवली, हात गवताला पुसले. तिथूनच परत फिरलो.

परतीच्या वाटेवरच्या पहिल्या रस्त्याशी ते सायकलवरून उतरले. इथे सोयाबीन होतं, त्यामुळे दोन्हीकडे लांबपर्यंत दिसत होतं. एकही गाडी नव्हती. तरी ते हँडल धरून उभे राहिले. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"जाऊ का?"

"जा ना, बाबा."

ते सायकल हातात धरून पायी पलीकडे गेले. दुसऱ्या रस्त्याशीही तसंच. पुन्हा तोच प्रश्न, तोच आवाज.

हा आवाज मला नवा नव्हता. गॅस लावू का, दार उघडू का, बाहेर चक्कर मारून येऊ का, असं ते आल्यापासून विचारत होते. मी ते समजूतदारपणा म्हणून ऐकत होते. दुसऱ्याच्या परवानगीने जगणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मी घड्या घातलेल्या प्रत्येक पत्रकात होतं.

घरी आल्यावर बूट काढता काढता ते म्हणाले, "घराचं काय ते तू ठरव. कागद आण, मी सही करतो."

मला इतके महिने हेच हवं होतं. डोळ्यांसमोर ती ओली फरशी होती. ती अजूनही जात नाही. रोज सकाळी त्यांना फोन लागेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

"विकू नका," मी म्हटलं. "पण मोरीत धरायला एक दांडा बसवून घ्या. मी मिस्त्रीला फोन करते."

"मिस्त्री कशाला?" बाबा म्हणाले. बूट त्यांनी दाराशी नीट लावून ठेवले. "मी बसवीन."