आ करायला लावणारे आप्पा

आप्पा कंपौंडर माणसं ओळखत ती आ केल्यावर. आठवड्याच्या बाजारात कुणी रामराम केला तर ते नुसतीच मान हलवत, तोच माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून आ करता झाला की म्हणत, "तू व्हय रं! शिमग्याला डाव्या गालात आलतं तुझं." निपाणीतल्या त्या दवाखान्यात ताप-खोकला डॉक्टरसाहेब बघत. तोंड आलेली माणसं मात्र आपणहून आप्पांपुढे रांग धरत.

कापसाचा बोळा ग्लिसरीनमध्ये बुडवण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "आदल्या दिशी काय झालतं?" माणसं वांग्याचं नाव सांगत, मिरचीचं सांगत. "वांग्याला कशाला बदनाम करतोस? घरात कोण काय बोललं ते सांग." आमच्या गल्लीत एक पैलवान होता. लोक त्याच्या वाऱ्याला उभे राहत नसत, पण जत्रेची कुस्ती ठरली की हा तोंड घेऊन येई. खीरसुद्धा गिळवत नसे त्याला. बाहेर कुणी विचारलं तर आप्पा सांगत, "खांदा दुखतोय त्येचा."

सगळंच ते मनावर ढकलत, असं मात्र नव्हे. एका गाडीवानाच्या जिभेच्या कडेला एकच जखम होती, कडक, कित्येक महिने एकाच जागी. त्याला आप्पांनी काही विचारलं नाही, बोळाही लावला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः मिरजेच्या मोटरीत बसवून मोठ्या दवाखान्यात धाडलं.

मी कोकणातला. गावच्या मास्तरांची चिठ्ठी घेऊन बेळगावच्या इंग्रजी शाळेत आलो, वार लावून जेवलो, मॅट्रिकच्या दोन वर्षं अलीकडे, इंग्रजी पाचवीत, दोनदा नापास झालो आणि घरी न कळवता निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या बोदांवर, म्हणजे गोणपाटात बांधलेल्या गठ्ठ्यांवर, नावं घालायला लागलो. महिन्या-दीड महिन्यानं माझं तोंड फुटे. जिभेखाली, ओठाच्या आत पांढरे फोड; दुधात भिजवलेली भाकरीही झोंबे. तंबाखूची धूळ बाधते, असं मी धरून चाललो होतो.

आप्पा म्हणाले, "वखारीत चाळीस माणसं. धूळ सगळ्यांच्या तोंडात जाती. तुझंच का फुटतंय?"

"माझी प्रकृती उष्ण आहे."

"असंल. आदल्या दिशी काय झालतं?"

"काही नाही. बेळगावच्या मोटरवाल्यानं घरचं पत्र आणून दिलं."

बोळा हवेतच थांबला. "मागच्या बारीला बी मोटरवालाच म्हणालतास. का रं, निपाणीत पोस्ट न्हाय?"

मग सांगावं लागलं. आईच्या लेखी मी अजून बेळगावात शिकत होतो. तिची पत्रं शाळेतल्या एका दोस्ताच्या पत्त्यावर जात, तो ती मोटरवाल्याच्या हाती पाठवी आणि माझी उत्तरंही तोच तिथल्या पेटीत टाकी. मॅट्रिकला किती दिवस राहिले, हे तिच्या प्रत्येक पत्रात असे.

"लिही तिला खरं," आप्पा म्हणाले.

"तिला वाचता येत नाही. मास्तर वाचून दाखवतात, आमच्या अंगणात. सगळी वाडी असते ऐकायला."

"मग वाडीला बी कळंल. एकदाच कळंल. तुझं म्हयन्याच्या म्हयन्याला फुटतंय."

त्यांनी मला बाकावरच बसवलं. शेजारी लोक आ करत होते नि मी लिहीत होतो. पत्ता वखारीचा घातला. मी वाटेत फाडून टाकीन म्हणून पत्र आप्पांनी काढून घेतलं आणि स्वतः पोस्टात टाकलं.

पुढच्या पंधरा दिवसांत तोंड आलं ते असं, की आजवर कधी आलं नव्हतं. तुमचं औषध उलटलं, असं मी कसंबसं बोललो. "उलटू दे की. पर या बारीला कशापायी आलंय ते ठावं हाय न्हवं? मग बस गप," म्हणत ते रोज बोळा फिरवत राहिले.

उत्तर निपाणीच्या पोस्टमननं हातात दिलं. अक्षर मास्तरांचं, बोलणं आईचं: 'ऐकल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिथे जेवायला काय मिळतं ते लिहिलं नाहीस.' खाली मास्तरांची स्वतःची एक ओळ होती: 'अक्षर बिघडू देऊ नकोस.' आप्पांनी सगळं दोनदा वाचायला लावलं. "मास्तर बरा माणूस दिसतोय. त्येला भिऊन बसलतास व्हय?"

तोंड त्यानंतरही येतच राहिलं, अजून येतं. स्वभाव काळजीचा, तो काही बदलला नाही. पण आता ते कशानं येतं हे मला कळतं, आणि तेवढ्यानं निम्मं दुखणं हलकं होतं. शाळेत मला इतकं पक्कं काहीच समजलं नव्हतं.

स्वराज्य येणार, येणार अशी बोलणी चालू होती त्या वर्षी आप्पा गुंजीला लेकीकडे राहायला गेले. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. लग्न झालं, आई निपाणीला येऊन राहिली, इथलं तिखट खायला शिकली, सगळं लिहिलं. उत्तर म्हणून जावयाचं कार्ड आलं. आप्पा गेले होते. माझं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं, ते हसले होते, एवढंच त्यात होतं.

आता तोंड येणार, म्हणून मी जिभेनं गाल चाचपत आठवडाभर वाट पाहिली. तोंड आलं नाही. रडू मात्र कार्ड हातात पडलं त्याच दुपारी आलं होतं, भर वखारीत, सगळ्यांदेखत, आणि मी ते अडवलं नव्हतं.