जुळ्यांचं दुखणं

मी जनजागृतीच्या पत्रकांवर वाढले. बाबा ती छापून आणत, आई घड्या घाली, मी चौकात वाटत असे. माणसाला नीट समजावलं की तो बदलतो, असं मला खरंच वाटायचं.

येलहंक्यात आमच्या शेजारी सीमाभागातलं कुटुंब राहतं. नवरा होसकोट्याला कारखान्यात असतो. घरी आजी, सून आणि जुळी, एक मुलगा, एक मुलगी. गेल्या थंडीत, ती वर्षाची असताना, दोघंही खोकायला लागली. मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. मुलीच्या छातीला ओव्याचा शेक.

"आजी, हिला का नाही नेलं?"

"जुळ्यांचं दुखणं एकच असतंय गं. ह्याला औषध घातलं की हिलाबी उतार पडतोय."

"मग औषध हिला घाला. त्याला आपोआप उतार पडेल."

आजी खदखदून हसल्या. "ऐकलीस काय गं सूनबाई? शेजारीण वकील झाली की!"

याला लोक अज्ञान म्हणतात. मी म्हणणार नाही. औषधाने गुण येतो हे आजींना पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते मुलाला मिळालं.

दोन दिवसांनी आजी शहरातल्या बनशंकरीला देवीच्या दर्शनाला गेल्या, उतार पडलेल्या नातवाला बरोबर घेऊन; संध्याकाळी परतणार होत्या. मुलीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. मी सुनेला आणि तिला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, आत्ताच दाखल करा.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तू तिथं बसलीस तर पोराला पाजणार कोण?"

"त्यालाही इथेच आणा," मी म्हटलं.

"दवाखान्यात? त्याला तिथला रोग लागला तर?"

मुलीला दाखल न करताच, डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली घेऊन सून उठली. परतताना मी रिक्षात वाटभर बोलत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर हाय अक्का तुमचं. पण पोराला काही झालं तर मला घरात ठेवतील काय?"

मुलगी त्या खेपेला वाचली. मुलगा आता जिना चढतो, ती अजून भिंत धरून उभी राहते.

या आठवड्यात भिंतीपलीकडून पुन्हा खोकला येतोय. काल दार वाजवलं. आजींनी फटीतून पाहिलं. "सगळी बरी हायत. तू आलीस की दवाखाना काढतीस." दार लागलं.

आज सकाळी सून मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात जायला रिक्षात बसली. मुलगी कुठंय, मी विचारलं.

"निजलीय," ती म्हणाली. आतून खोकला ऐकू येत होता, आम्हा दोघींनाही.